आजचा भविष्यकाळ

रुमोंगेत, तळ्याकाठी, न्दगाला मासळी वाळत घातलेल्या जाळ्यांमागे
फिडेसबाईंचं घर.
दवाखाना सुटला की माझी शिकवणी.
पाटी नाही, पुस्तक नाही.
घेवडा निवडता निवडता त्या क्रियापदं निवडतात.

"म्हण, न्झोगेन्दा."
न् म्हणजे मी. गेन्दा म्हणजे जाणं.
मधे झो.
झोळीतला झो, झोपेतला झो, मी मनात खूण करून ठेवते.
"एवढाच भविष्यकाळ," त्या म्हणतात, "बाकी सगळं आहे तसंच."

आमचा भविष्यकाळ क्रियापदाच्या शेपटाला:
जाईन, जाशील, जाईल.
यांचा पोटात,
करणारा आणि करणं यांच्यामधे
बसच्या बाकावर आईबापांत झोपलेल्या पोरासारखा.

आणि नकार सगळ्यांच्या आधी.
न्ताझोझा: तो येणार नाही. तोंड उघडताच नाही.
आमच्याकडे 'येणार' ऐकून चहाचं आधण ठेवावं,
मग 'नाही' यावं.
यावर त्या खूप हसल्या.
"तुमची भाषा माणसाला उगाच ताटकळत ठेवते."

एजो म्हणजे उद्या. एजो म्हणजे कालसुद्धा.
मी म्हटलं, आमचा परवा तसाच, दोन्हीकडे तोंड असलेला.
त्यांना परवा आवडला.
शेजारणीलाही ऐकवला.

त्यांचं नाव न्झोहबोनायो.
इथे नावं अशीच, अख्खी वाक्यं; यांच्या वाट्याला झो आला.
तिथे मी पाहीन.
कुठे तिथे, काय पाहीन, ते बापानं सांगितलं नाही,
आणि विचारायच्या वयाला बाप राहिला नाही.

एकदा साखर संपली. मी पिशवी उचलली,
ऐटीत म्हटलं, "न्झोगारुका." परत येईन.
सूप त्यांच्या हातातून निसटलं. घेवडा अंगणभर.
"कुठे निघालीस? किती दिवस?"
"दुकानात, बाई. कोपऱ्यावर."
"मग न्दागारुका म्हण!
झो उद्यापासून पुढे.
आज परतणाऱ्याला झो लागत नाही."

मी दाणे वेचू लागले. त्याही वेचू लागल्या,
आणि मान वर न करता सांगितलं न्यान्द्वीचं.
सातवा, म्हणून न्यान्द्वी.
रात्र, किगोमाकडे निघालेली होडी, काठावर माणसंच माणसं,
कुणाच्या चपला कुणाच्या पायात.
गुडघाभर पाण्यात उभा राहून तो ओरडला:
न्दागारुका!
"झो नव्हता त्यात. मी नीट ऐकलं."
एकोणीस वर्षं झाली.
चुलीशेजारी एक ताट रोज झाकलेलं असायचं.
मला वाटायचं, मांजरासाठी.

साखर त्या दिवशी आणलीच नाही.

मार्चमध्ये माझं काम संपलं. जीप दारात, ड्रायव्हर घाईत.
न्झोगारुका म्हणावं तर पुढचा परवाना कुणी पाहिलाय,
न्दागारुका म्हणायची छाती नाही.
दोन्ही शब्द घोटून पाठ केलेले,
आणि तोंडातून निघालं आपलं तेच:
"येते."

"म्हणजे काय?"
"म्हणजे जाते."
"आणि काळ कुठला?"
मी अडखळले. "वर्तमान."

तळ्यावर कंदिलाच्या होड्या निघत होत्या.
एक, मग दोन, मग मोजता येईनात.
"म्हणजे आजच," फिडेसबाई म्हणाल्या,
आणि आत जाऊन
दुसरं ताट फडक्यानं पुसायला घेतलं.